शून्यातली उभी रेघ : नौपाड्यातील एका स्पेक्ट्रम प्लसचा प्रकरण अभ्यास

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आणि रहिवाशांना पावसाळ्यापूर्वी घरे रिकामी करण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या घराचा माळा उतरवताना गाद्या, पितळी भांडी आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे यांच्यामागे एक पत्र्याची पेटी निघाली. पेटीत काळ्या रंगाचा एक लहान घरगुती संगणक, त्याचा अडॅप्टर, एक कॅसेट आणि चौकटींची आलेख-वही होती. कॅसेटवर निळ्या शाईत ‘पाढे, १९८८’ असे लिहिले होते. ते अक्षर मी लगेच ओळखले, कारण काकूंचे यजमान माध्यमिक शाळेत गणित शिकवत आणि त्याच अक्षरात त्यांनी माझ्या वहीवर अनेकदा शेरे मारले होते. सर जाऊन आता बरीच वर्षे झाली. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणे दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी जुने संगणक चालते ठेवतो, हे काकूंना ठाऊक होते. त्यांनी पेटी माझ्याकडे सोपवली आणि एवढेच म्हणाल्या, “चालला तर बघ. नाहीच चालला, तर निदान त्या टेपमध्ये काय आहे ते तरी मला कळू दे.”

या कामात माझ्याकडून निदानाची एक चूक झाली आणि ती ज्या रीतीने उघडकीस आली, ती रीत जुने संगणक सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे असे मला वाटते. म्हणून हे प्रकरण मी सविस्तर लिहीत आहे. जुना संगणक सुरू झाला, पडद्यावर ओळ उमटली, की तो दुरुस्त झाला असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ज्या कामासाठी तो घरात आणला गेला होता ते काम त्याच्याकडून करून घेतल्याशिवाय तो बरा आहे की नाही हे कळत नाही.

यंत्राची ओळख

पेटीतला संगणक झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस या जातीचा होता. सिंक्लेअर रिसर्च या ब्रिटिश कंपनीने मूळ स्पेक्ट्रम १९८२ मध्ये आणि त्याची कठीण कळांची ‘प्लस’ आवृत्ती १९८४ मध्ये बाजारात आणली. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन १९८६ पासून हीच आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली. त्या काळात केंद्र सरकारच्या १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे संगणक पोहोचले होते, परंतु घरात स्वतःचा संगणक असणे ही फार मोठी गोष्ट होती. सरांनी तो कसा घेतला, कोणत्या बचतीतून घेतला, हे काकूंना नेमके आठवत नाही. तो टीव्हीला जोडला की त्या संध्याकाळी कोणालाच टीव्ही बघता येत नसे, हे मात्र त्यांना पक्के आठवते.

यंत्राच्या आत झेड-८०ए हा प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झ वेगाने चालतो. १६ किलोबाइट रॉममध्ये बेसिक ही भाषा कायमची बसवलेली आहे आणि रॅम, म्हणजे कामाची मेमरी, ४८ किलोबाइट आहे. ही रॅम दोन भागांत विभागलेली असते, आणि या प्रकरणाचा सारा उलगडा त्या विभागणीवरच अवलंबून आहे. पहिल्या १६ किलोबाइटमध्ये पडद्यावरचे चित्र आणि बेसिकची स्वतःची नोंदवही राहते. त्यासाठी ४११६ क्रमांकाच्या आठ चिपा आहेत. वरच्या ३२ किलोबाइटसाठी दुसऱ्या आठ चिपा आहेत आणि त्या बहुधा अशा ६४ किलोबिटच्या चिपा असत, ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातल्या तपासणीत सदोष ठरला होता आणि उरलेला चांगला अर्धा भाग स्वस्तात वापरण्यात येत होता. प्रत्येक बाइट आठ बिटांचा, म्हणजे आठ शून्य-एकांचा असतो; प्रत्येक गटात एका बिटसाठी एक चिप, अशी रचना आहे.

वीज देण्यापूर्वी

मी पेटी आणायला गेलो तेव्हा काकूंच्या भाच्याने वाय-फाय राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर शोधून ठेवला होता आणि तो संगणकाला लावण्याच्या तो बेतात होता. पिन अगदी बरोबर बसत होती, आकडाही जुळत होता. परंतु आजच्या बहुतेक अडॅप्टरांच्या पिनेचा मधला भाग धन असतो आणि स्पेक्ट्रमला मधला भाग ऋण लागतो. उलटी वीज गेली असती तर आतले ट्रान्झिस्टर आणि मेमरी दोन्ही जाण्याची शक्यता होती. जुन्या घरगुती संगणकांची सर्वाधिक हानी माळ्यावरच्या तीस वर्षांत होत नाही, ती पेटी उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत होते, असा माझा अनुभव आहे.

मूळ अडॅप्टरच्या वायरीचे आवरण कडक होऊन तडकले होते, म्हणून तो मी बाजूला ठेवला. त्याच्या जागी ९ व्होल्ट, २ अँपिअरचा स्थिर दाब देणारा नवा अडॅप्टर घेतला आणि पिनेची जोडणी उलटी करून मल्टिमीटरवर दोनदा तपासली. मूळ अडॅप्टर साधा ट्रान्सफॉर्मरचा असल्यामुळे तो प्रत्यक्षात ९ व्होल्टपेक्षा बराच जास्त दाब देतो आणि तो जादा दाब आतल्या, दाब ५ व्होल्टवर स्थिर ठेवणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन बाहेर पडतो. दाब नेमका ९ व्होल्ट ठेवला की तो रेग्युलेटर लक्षणीय कमी तापतो. त्यामुळे पुष्कळ जण करतात तसे मूळ रेग्युलेटर काढून नवे स्विचिंग मोड्यूल बसवण्याची मला गरज वाटली नाही. जे काम बाहेरून भागते त्यासाठी मूळ बोर्डाला हात लावू नये, या मताचा मी आहे.

बोर्डावरचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मात्र सगळे बदलले. आतला द्रव सुकलेला कपॅसिटर बाहेरून धडधाकट दिसतो, म्हणून तो डोळ्यांनी पारखण्यात अर्थ नसतो. खाडीकाठच्या दमट हवेने चिपांच्या पायांवर आणि सॉकेटांत काळपट थर आणला होता; तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि सॉकेटातल्या चिपा एकदा उपसून पुन्हा बसवल्या. त्यानंतर वीज देऊन ४११६ चिपेच्या पायांवरचे दाब मोजले. पहिल्या पायावर उणे ५ व्होल्ट, आठव्यावर १२ व्होल्ट आणि नवव्यावर ५ व्होल्ट असे तिन्ही दाब मिळाले. उणे ५ व्होल्ट नसताना १२ व्होल्ट चालू राहिले तर या चिपा जळतात, म्हणून ही मोजणी पडदा जोडण्याच्या आधी करायची असते.

चित्रासाठी टीव्ही-मोड्युलेटरच्या डबीत पोहोचणारा संमिश्र चित्रसंकेत एका कपॅसिटरमधून थेट बाहेर घेतला, म्हणजे आजच्या टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटात तो लावता येतो. हा बदल पंधरा मिनिटांत पूर्ववत करता येईल असाच केला.

पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा पडदा क्षणभर काळा झाला आणि त्यावर बारीक लाल उभ्या रेघा दिसल्या. मग तो पांढरा झाला आणि खालच्या कडेला सिंक्लेअर रिसर्च व १९८२ हे साल असलेली स्वामित्वाची ओळ उमटली. कळफलकाची एक ओळ दबत नव्हती. आतल्या पातळ प्लास्टिकच्या पडद्याची पट्टी जोडणीजवळ तडकली होती. हा दोष या यंत्रांत इतका सर्रास आढळतो की त्यासाठी नवे पडदे आजही तयार होतात. तसा एक परदेशातून मागवला आणि तो येईपर्यंतच्या तीन आठवड्यांत कॅसेटचे काम हाती घेतले. माझ्या नोंदवहीत त्या दिवशी मी ‘यंत्र ठीक, केवळ कळफलक बाकी’ असे लिहिले. ती नोंद चुकीची होती.

कॅसेट

यंत्राचा सुटा भाग पुन्हा मिळतो. टेपवरचा आवाज एकदा गेला की तो कुठल्याही बाजारात मिळत नाही. म्हणून कॅसेट प्रथम मूळ यंत्राच्या जवळही न नेता तिचा आवाज उतरवून घेणे हेच योग्य होते. टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसत होती. नाकातोंडावर मास्क लावून, गच्चीत, वारा नसलेल्या सकाळी मी टेप हाताने एकदा पुढे आणि एकदा मागे गुंडाळली आणि मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या घडीतून ती सरकू दिली. कॅसेटमधला स्पंजाचा दाबपट्टा निखळला होता, त्यामुळे टेप स्क्रू असलेल्या दुसऱ्या कवचात बसवली.

स्पेक्ट्रमची टेप ऐकायला कर्कश असली तरी तिची घडण अतिशय सरळ आहे. आरंभी सुमारे ८०७ हर्ट्झचा एकसुरी आवाज काही सेकंद चालतो, मग बिट सुरू होतात. शून्याच्या बिटचा आवाज सुमारे २०४७ हर्ट्झचा आणि एकच्या बिटचा त्याच्या निम्म्या कंपनाचा असतो. प्रत्येक कार्यक्रमाआधी (प्रोग्रामआधी) १७ बाइटची ओळखचिठ्ठी असते आणि तिच्यात दहा अक्षरांपर्यंतचे नाव मावते. प्रत्येक खंडाच्या शेवटी एक पडताळ्याचा बाइट येतो, जो आधीच्या सर्व बाइटांवर एक्सॉर ही क्रिया (दोन बिट सारखे असतील तर शून्य, वेगळे असतील तर एक) करून काढलेला असतो. टेप-डेकच्या हेडशेजारचा लहान स्क्रू अगदी हळू फिरवत, आवाज जास्तीत जास्त टोकदार ऐकू येईल तिथे थांबलो. सरांच्या टेपरेकॉर्डरचे हेड ज्या कोनात होते त्या कोनाच्या जवळ माझे हेड नेणे, एवढाच त्याचा हेतू. मग दोन्ही बाजू ४४.१ किलोहर्ट्झवर लॅपटॉपमध्ये उतरवल्या.

पडद्यावरची रोमन अक्षरे

कळफलकाचा नवा पडदा बसवल्यावर मी उतरवलेला आवाज लॅपटॉपमधून संगणकाच्या ‘इअर’ सॉकेटात दिला. स्पेक्ट्रमला हा आवाज बराच मोठा लागतो. मोबाइलचा आवाज पुष्कळदा पुरत नाही. ‘जे’ ही कळ दाबताच ‘लोड’ हा पूर्ण शब्द उमटला, पुढे दोन अवतरणचिन्हे दिली. कडेवर लाल-निळसर पट्टे सरकले, मग ‘पाढे’ हे नाव रोमन लिपीत आले, मग निळे-पिवळे पट्टे. पडताळा जुळला नाही तर यंत्र ‘टेप लोडिंग एरर’ असे सांगते. तसे काही न होता कार्यक्रम आपोआप सुरू झाला आणि पडद्याच्या माथ्यावर चार मोठी रोमन अक्षरे दिसली : के, एल, एम, एल. खाली ‘सी गुणिले डी’ असा प्रश्न होता.

मी सहा हा आकडा टाकला, तर ‘ओ-एस-यू-ओ-एस’ असे उत्तर आले. सात टाकल्यावर ‘क्यू-आर’ आले.

ही देवनागरी असायला हवी होती, हे मला तत्काळ कळले. स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्याला स्वतःच्या आकाराची २१ चिन्हे घडवता येतात. ती चिन्हे रोमन ए ते यू या अक्षरांच्या जागी बसतात आणि जोवर कोणी घडवत नाही तोवर तिथे तीच रोमन अक्षरे दिसतात. म्हणजे सरांनी घडवलेले आकार यंत्रात पोहोचलेच नव्हते. माझ्या लॅपटॉपवरच्या ध्वनिलेखात कार्यक्रमाच्या पाठोपाठ एक क्षीण, तुटका एकसुरी आवाज होता. देवनागरी आकारांचा वेगळा खंड सरांनी कार्यक्रमामागे साठवला असावा आणि बुरशीने तोच खाल्ला असावा, असा निष्कर्ष मी काढला आणि सलग दोन रात्री त्या तुटक्या आवाजातून बिट वेचत बसलो. टेपवर डोळ्यांना दिसणारी बुरशी होती, यंत्राच्या पडद्यावर स्वच्छ ओळ होती. दोष कोणाच्या माथी मारायचा हे मी पुराव्याआधीच ठरवून टाकले होते.

तिसऱ्या रात्री मी जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले. तोच ध्वनिलेख लॅपटॉपवरच्या इम्युलेटरला, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला दिला. हे काम मी मुद्दाम लांबवले होते, कारण सरांचा कार्यक्रम इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सुरू होईल तो त्यांच्याच यंत्रावर व्हावा अशी माझी इच्छा होती. इम्युलेटरच्या खिडकीत पडद्याच्या माथ्यावर ‘पाढा’ असे स्पष्ट देवनागरी अक्षर उमटले, खाली ‘२ गुणिले ३’ हा प्रश्न, आणि सहा टाकल्यावर ‘बरोबर’. टेप निर्दोष होती. तो तुटका आवाज आधीच्या कुठल्याशा रेकॉर्डिंगचा पुरता न पुसला गेलेला अवशेष होता.

कार्यक्रमाची यादी उघडून पाहिली तेव्हा सरांची योजना दिसली आणि सोबतची आलेख-वही कशासाठी होती तेही उमगले. वहीत आठ बाय आठ चौकटींत पेन्सिलने रंगवलेली २१ चिन्हे होती. पहिल्या दहा जागा ० ते ९ या अंकांना दिल्या होत्या. उरल्या अकरा. त्या अकरा जागांत त्यांनी प, काना, ढ, श, ब, स, चू, क, र, त आणि ‘ो’ ही मात्रा बसवली होती. एवढ्यातून ‘पाढा’, ‘शाबास’, ‘बरोबर’, ‘चूक’ आणि ‘परत’ हे पाचही शब्द पूर्ण होतात आणि एकही जागा वाया जात नाही. हे वाचून मी बराच वेळ वही तशीच हातात धरून बसलो. शिक्षकाला मुलाशी बोलायला किमान कोणते शब्द लागतात, याचा हिशोब त्या पानावर होता.

शून्यासाठीची आकड्यांची ओळ ‘०, ६०, ६६, ६६, ६६, ६६, ६०, ०’ अशी होती. ओळीतल्या आठ ठिपक्यांच्या किमती डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा असतात आणि रंगवलेल्या ठिपक्यांची बेरीज लिहायची असते. ६० म्हणजे मधले चार ठिपके, ६६ म्हणजे दोन कडांजवळचे दोन ठिपके. वर-खाली झाकण आणि मध्ये दोन भिंती, असे शून्य तयार होते. हे सर्व आकडे सर ‘पोक’ या आज्ञेने ६५३६८ या पत्त्यापासून (मेमरीतल्या जागेच्या क्रमांकापासून) पुढे मेमरीत ठेवत होते. ४८ किलोबाइटच्या यंत्रात स्वतः घडवलेल्या चिन्हांची जागा हीच. परंतु ती जागा यंत्रालाच विचारून घेण्याची सोय बेसिकमध्ये असते. मी सरांच्या यंत्रावर ‘प्रिंट यूएसआर ए’ असे विचारले. उत्तर ६५३६८ यायला हवे होते. ते ३२६०० आले.

३२६०० हा १६ किलोबाइटच्या यंत्राचा पत्ता आहे. मग २३७३२ आणि २३७३३ या दोन पत्त्यांत यंत्र आपल्या मेमरीचे वरचे टोक नोंदवून ठेवते ते वाचले. ६५५३५ ऐवजी ३२७६७ मिळाले. ४८ किलोबाइटचे हे यंत्र स्वतःला १६ किलोबाइटचे समजत होते, आणि तरीही स्वामित्वाची ओळ दाखवत होते, कळा वाचत होते, टेप भरून घेत होते. पाढ्यांचा कार्यक्रम लहान असल्यामुळे तो उरलेल्या मेमरीत मावला. मोठा असता तर ‘मेमरी संपली’ असा संदेश येऊन दोष लगेच समोर आला असता. आणि सरांनी ६५३६८ हा आकडा न वापरता यंत्राला विचारून पत्ता घेतला असता, तर देवनागरी अक्षरे व्यवस्थित दिसली असती आणि दोष कदाचित कायमचा झाकलेला राहिला असता.

उभी रेघ

वरच्या ३२ किलोबाइटमधली कोणती चिप गेली हे शोधण्याचा रूढ मार्ग म्हणजे एखाद्या पत्त्यावर ० ठेवून परत वाचणे. परंतु सरांचे आकार त्या मेमरीत जाऊन बसलेलेच होते, फक्त यंत्र तिकडे पाहत नव्हते. म्हणून मी चिन्हांचा पत्ता जिथे लिहिलेला असतो त्या २३६७५ आणि २३६७६ या दोन जागी ८८ आणि २५५ हे आकडे घातले, म्हणजे यंत्र ६५३६८ कडे पाहू लागले. पडद्यावरची रोमन अक्षरे त्याच क्षणी देवनागरी झाली. मात्र प्रत्येक चिन्हात वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ होती, डावीकडून पाचव्या ठिपक्याच्या रांगेत. शून्याच्या पोटातून दांडी आरपार गेली होती, ‘श’ आणि ‘स’ ओळखणे अवघड झाले होते, आणि काना दोनदा काढल्यासारखा दिसत होता.

डावीकडून पाचवा ठिपका म्हणजे ८ किमतीचा बिट. ३२७६८ या पत्त्यावर ० ठेवून वाचले, तर ८ आले. तो बिट कायमचा एकवर अडकला होता, म्हणजे त्या बिटची एक चिप गेली होती. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात दोष स्वतःचे चित्र इतके स्वच्छ काढून दाखवतो असे क्वचितच घडले आहे.

सुरुवातीच्या लाल रेघांचा अर्थही इथेच स्पष्ट होतो. वीज मिळताच रॉम सगळ्या मेमरीत २ हा आकडा भरते आणि मग तो परत वाचत पुढे सरकते. चित्राच्या भागात भरलेले २ आपल्याला काळ्यावर लाल उभ्या रेघांसारखे दिसतात. ज्या पत्त्यावर २ परत मिळत नाही तिथे मेमरी संपली असे यंत्र धरते आणि तक्रार न करता कामाला लागते. १६ किलोबाइटचे स्वस्त मॉडेल आणि ४८ किलोबाइटचे मॉडेल एकाच रॉमवर चालावे म्हणून केलेली ही सोय आहे. पण या तपासणीत एक उणीव राहते. एखादा बिट शून्यावर अडकला असेल आणि तो २ च्या बिटखेरीज दुसरा असेल, तर तिथे शून्यच अपेक्षित असल्यामुळे तो बहुधा उत्तीर्ण होतो. म्हणून टोक ६५५३५ दाखवणारे यंत्रही निर्दोष असतेच असे नाही. वरच्या भागातल्या प्रत्येक पत्त्यावर ०, २५५, ८५ आणि १७० हे आकडे ठेवून परत वाचणारी चार ओळींची बेसिक तपासणी मी तेव्हापासून प्रत्येक यंत्रावर चालवतो. वेळ लागतो, परंतु चहा होईपर्यंत यंत्र एकटे काम करते.

अर्ध्या चांगल्या चिपेच्या जागी पूर्ण चांगली ४१६४ ही चिप चालते. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर जुना माल ठेवणाऱ्या एका दुकानात १५० नॅनोसेकंदांच्या दोन चिपा मिळाल्या. जुनी चिप शाबूत काढण्याच्या मोहात बोर्डावरचे तांब्याचे पट्टे उखडतात. म्हणून आधी तिचे पाय कापले, मग एकेक पाय सोल्डर वितळवून चिमट्याने उचलला, छिद्रे मोकळी केली आणि तिथे सॉकेट बसवून नवी चिप लावली. टोक ६५५३५ आले. चारही आकड्यांची तपासणी पार पडली. त्यानंतर पुन्हा सरांचा कार्यक्रम भरला आणि पडद्यावर ‘पाढा’ हा शब्द रेघेविना उमटला.

फितीची दुसरी बाजू

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक कार्यक्रम होता. ओळखचिठ्ठीत नाव होते ‘औटकी’, तेही रोमन अक्षरांत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हा खंड मात्र खरोखरच बिघडलेला होता. एका ठिकाणी आवाज जवळजवळ नाहीसा झाला होता आणि पडताळा जुळत नव्हता. ध्वनिलेखात ती जागा मोठी करून पाहिली, तेव्हा आधीचे आणि नंतरचे सगळे बिट वाचता येत होते. हरवला होता तो एकच बाइट.

पडताळा एक्सॉरचा असल्यामुळे अशा वेळी एक सुंदर मार्ग निघतो. हरवलेला बाइट सोडून बाकी सगळे बाइट आणि शेवटचा पडताळ्याचा बाइट यांचा एकत्र एक्सॉर काढला की उरते ते नेमके हरवलेल्या बाइटचे मूल्य. दोन बाइट गेले असते तर हे शक्य नव्हते. उत्तर ५१ आले, आणि ५१ हा ३ या अंकाचा संकेतांक आहे. त्याच्यापुढचा अंक ६ शाबूत होता, म्हणजे मूळ आकडा ३६ ठरतो. स्पेक्ट्रम बेसिक प्रत्येक आकड्याच्या मागे त्याचे मूल्य पाच अदृश्य बाइटांत पुन्हा लिहून ठेवते. ते पाच बाइट वाचता येत होते आणि त्यांतही ३६ च होते. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्यावर मी तो बाइट भरला.

३६ म्हणजे मध्ये दोन जागा सोडून दोन ठिपके. ‘३६, ३६, ३६’ अशी ती पूर्ण ओळ दोन उभ्या दंडांची होती, आणि त्यांचा अर्थ मला आधी लागला नाही. कार्यक्रम चालवल्यावर लागला. सरांनी अर्ध्यासाठी जुनी मराठी खूण वापरली होती, साडेतीन म्हणजे ३॥.

संगणक आता काकूंच्या भाड्याच्या घरात, पाचपाखाडीत आहे. तो झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्या पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर गरम करून पुन्हा ठेवाव्या लागतात. डांबराच्या गोळ्या त्यात ठेवू नयेत असे मी बजावले आहे, कारण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते. महिन्यातून एकदा तो तासभर चालवायचा, आधी मेमरीची तपासणी आणि मग पाढे, असे ठरले आहे. मूळ कॅसेट पुन्हा वाजवायची नाही; तिच्या आवाजाच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत आणि कार्यक्रम लॅपटॉपवरून भरला जातो.

यंत्र परत नेले त्या संध्याकाळी मी काकूंसमोर औटकी लावली. कार्यक्रम एकेक ओळ दाखवतो आणि पुढच्या ओळीसाठी कळ दाबायची वाट पाहतो. ३॥ आले, ७ आले, १०॥ आले, १४ आले. माझे बोट कळेवर जाण्याआधीच काकू पडद्याकडे पाहत म्हणाल्या, “साडेसतरा.”